हिरवा दिवा आणि परत येणाऱ्या फायली

हे प्रकरण प्रशिक्षणासाठी रचलेलं आहे. ते कुठल्याही एका कंपनीचं नाही, पण महामारीच्या काळात आरोग्य विम्याच्या दावे विभागात काम केलेल्यांना यातली माणसं ओळखीची वाटतील. नावं मुद्दाम दिलेली नाहीत. टीम लीड, तिचे मॅनेजर, एचआर, मेडिकल ऑफिसर आणि १४ क्लेम प्रोसेसर एवढी ओळख पुरेशी आहे.

काम काय होतं

प्रोसेसरच्या पुढ्यात येणाऱ्या फाईलमध्ये दाव्याचा फॉर्म, पॉलिसीची प्रत, रुग्णालयाची बिलं, तपासण्यांचे रिपोर्ट आणि डिस्चार्ज समरी असते. हे सगळं पॉलिसीच्या अटींशी ताडून बघायचं आणि मग तीनपैकी एक करायचं: दावा मंजूर करायचा, नामंजूर करायचा किंवा क्वेरी काढायची. क्वेरी म्हणजे अमुक कागद कमी आहे, तो पाठवा, असं पत्र. सरळ फाईल झटकन उरकते. अडलेली फाईल अर्धी सकाळ खाते.

ऑफिसात असताना अडलेल्या फाईलवर एक साधा इलाज होता. मेडिकल ऑफिसर त्याच हॉलमध्ये बसायचे. खुर्ची वळवायची आणि म्हणायचं, "डॉक्टर, हे जरा बघता का?" दोन मिनिटांत उत्तर मिळायचं. तसंच शेजारच्या टेबलाशी: "असलीच केस गेल्या महिन्यात तुझ्याकडे आली होती ना?" ही विचारपूस प्रक्रियेच्या कुठल्याही तक्त्यात लिहिलेली नव्हती. त्यामुळे लॅपटॉप, हेडसेट आणि व्हीपीएन घरोघर पोचवण्याची यादी झाली तेव्हा तिची आठवण कुणाला झाली नाही.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महामारी असल्याचं म्हटलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ही टीम घरून काम करू लागली. सुरुवातीचे काही महिने फायली उलट कमी झाल्या, कारण ठरवून करायच्या शस्त्रक्रिया जगभर पुढे ढकलल्या जात होत्या. डॅशबोर्डवर पेंडिंग घटलेलं दिसलं आणि वरच्या मजल्यावर समज पक्का झाला की घरून काम झकास चाललं आहे. पुढे जे घडलं त्यातला बराचसा भाग याच समजावर उभा होता.

मग कोविडच्या फायली सुरू झाल्या. उपचार नवे, बिलातल्या बाबी नव्या, आणि काय मान्य करायचं काय नाही याची परिपत्रकं येत होती तितक्याच वेगाने बदलतही होती. त्यात कॉल सेंटरवरचा ताण कमी करायला ग्राहकांचे फोन थेट प्रोसेसरकडे वळवण्यात आले. डॉक्टरांना विचारायचं तर आता ईमेल. चार टीमचे ईमेल एकाच माणसाकडे, त्यामुळे उत्तर दुसऱ्या दिवशी.

टार्गेट कसं वाढलं

दिवसाचं टार्गेट ४० फायलींवरून ५५ वर नेताना मॅनेजरनी मीटिंगमध्ये एका गाजलेल्या अभ्यासाचा दाखला दिला. अभ्यास खरा आहे. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या एका मोठ्या ट्रॅव्हल कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये घरून कामाचा नऊ महिन्यांचा प्रयोग केला होता. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्यात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढलेली दिसली.

मीटिंगमध्ये सांगितला गेला तो एवढाच भाग. त्या प्रयोगातले लोक स्वतःहून तयार झालेले होते. घरात कामासाठी वेगळी खोली असणं ही अट होती. आठवड्यातला एक दिवस ते ऑफिसला जात होते. आणि तरीही प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितलं तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ऑफिसला परतणं पसंत केलं, आणि त्याचं एक मोठं कारण एकटेपणा होतं. महामारीतल्या घरून कामात यातलं काहीच नव्हतं. निवड नव्हती, बहुतेकांकडे वेगळी खोली नव्हती, मुलांच्या शाळा बंद होत्या आणि बाहेर रोगाची भीती होती. अभ्यासाचा आकडा उचलायचा आणि अटी मागे सोडायच्या, हा प्रकार ऑफिसांत नवा नाही. इथे त्याची किंमत मोठी पडली.

टार्गेटबरोबर नजरही आली. दिवसातून तीन स्टेटस कॉल आणि प्रत्येक कॉलला कॅमेरा चालू. माणूस कामावर आहे हे दाखवणारा चॅटमधला हिरवा दिवा पिवळा झाला, म्हणजे काही वेळ हालचाल दिसली नाही, की मॅनेजरचा मेसेज यायचा. थोड्याच दिवसांत सगळ्यांनी एक गोष्ट शिकून घेतली: जेवताना एका हाताने माऊस हलवत राहायचं.

मॅनेजरना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण त्याने प्रकरण कळत नाही. त्यांना रोज संध्याकाळी वर आकडे पाठवायचे होते. दावे निकाली काढायच्या मुदती ठरलेल्या होत्या आणि त्या चुकल्या तर कंपनीला भुर्दंड होता. इतकी वर्षं हॉलमधून एक फेरी मारली की कुठे काय अडलंय हे त्यांना कळायचं. ती फेरी गेली आणि तिच्या जागी त्यांनी हातात जे होतं ते धरलं: दिवा, कॉल, आकडा.

आकडा काय मोजत होता

या प्रकरणाची गाठ इथे आहे.

डॅशबोर्डवर 'निकाली' या खान्यात मंजूर आणि नामंजूर फायली तर मोजल्या जायच्याच, पण क्वेरी काढलेली फाईलही मोजली जायची. ऑफिसात असताना याने काही बिघडत नव्हतं, कारण टार्गेट आवाक्यात होतं आणि शंका जागच्या जागी फिटत होती. आता ५५ फायली, मधूनच वाजणारा फोन आणि उद्या मिळणारं डॉक्टरांचं उत्तर अशा कात्रीत सापडलेल्या माणसाला क्वेरी हा सुटकेचा दरवाजा झाला. तयार मसुद्यांच्या यादीतून एक कागद मागायचा, फाईल आजच्या आकड्यात जाते. आठवड्याने कागद येतो, तेव्हा दुसरा कागद मागायचा. फाईल पुन्हा आकड्यात.

म्हणजे एकच फाईल तीनदा 'निकाली' निघायची आणि तरी दावा तिथेच पडून असायचा. दाव्याचे पैसे अडलेलं कुटुंब मग फोन करायचं. ते फोन त्याच प्रोसेसरांकडे यायचे, फोनमुळे फायली मागे पडायच्या, मागे पडल्या की आणखी क्वेऱ्या. टीम स्वतःच स्वतःचं काम तयार करत होती, आणि डॅशबोर्डवर उत्पादकता वाढत होती.

हे आळसाने किंवा लबाडीने झालं असं म्हणणाऱ्याने एक दिवस त्या खुर्चीत बसून बघावं. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं सूत्र आजही उपयोगी पडतं: कामाची मागणी जास्त आणि कामावरचा ताबा कमी, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त पिळते. मागणी मोठी असली तरी कधी, कसं, कोणत्या क्रमाने करायचं हे हातात असेल तर माणूस बरंच पेलतो. इथे मागणी वाढवली गेली आणि ताबा त्याच आठवड्यात काढून घेतला गेला. पुढे २००१ मध्ये डेमेरौटी, बाकर आणि सहकाऱ्यांनी यात साधनांचा विचार जोडला. सहकाऱ्याची मदत, वेळेवर मिळणारं उत्तर, स्पष्ट सूचना ही सगळी कामाची साधनं आहेत आणि ती आटली की माणूस कामापासून मनाने सुटत जातो. खुर्ची वळवून विचारलेला प्रश्न हे या टीमचं सर्वांत मोठं साधन होतं.

वेलनेस आठवडा

चिडचिड आणि रजा वाढल्याचं एचआरच्या लक्षात आलं. त्यांनी वेलनेस आठवडा जाहीर केला. श्वसनाचं सत्र, ताण हाताळण्यावर व्याख्यान, कृतज्ञतेची वही. सगळं संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे कामाची वेळ संपल्यावर. कॅमेरा चालू ठेवायचा होता, हजेरीही लागणार होती.

श्वसनाच्या व्यायामात काही खोट नाही. ज्याला करावासा वाटतो त्याला त्याचा उपयोग होतो. पण ताणाचं कारण ५५ फायली आणि उद्याचं उत्तर हे असताना त्याच माणसाला 'तुम्ही ताण नीट हाताळा' असं सांगितलं, की तो त्याचा अर्थ बरोबर काढतो: दोष माझा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत वैयक्तिक उपाय आहेत, पण त्यांच्या जोडीला कामाची परिस्थिती बदलणारे संस्थात्मक उपाय आणि मॅनेजरांचं प्रशिक्षणही आहे. या कंपनीने त्यातला स्वस्त भाग आधी उचलला.

एक फोन

टीममधली सर्वांत जास्त आकडे असलेली प्रोसेसर नऊ वर्षांच्या अनुभवाची होती. एका दुपारी तिला एका बाईंचा फोन आला. त्यांच्या पतीचं कोविडने रुग्णालयात निधन झालं होतं. दाव्यावर तिसरी क्वेरी आली होती आणि तिच्यात लिहिलं होतं: 'फॉर्मवर रुग्णाची स्वाक्षरी नाही, ती घेऊन पाठवावा.' त्या एवढंच विचारत होत्या, "आता सही कुठून आणू, ते सांगा." क्वेरी या प्रोसेसरनेच काढलेली होती. फाईलच्या दुसऱ्या पानावर मृत्यूची नोंद होती.

तिने माफी मागितली, कॉल बंद केला आणि त्या दिवशीच्या ५५ फायली पूर्ण केल्या. दुसऱ्या दिवशी ती लॉगिन झाली नाही, नंतरचे दोन दिवसही नाही.

२०१९ मध्ये मंजूर झालेल्या आयसीडी-११ या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित अवस्था म्हणून. सतत राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणातून ती येते आणि तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: शक्ती संपून जाणं, कामापासून मनाने दूर जाणं किंवा त्याविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही अशी भावना. दुसरी खूण बाहेरून बेफिकिरीसारखी दिसते. मृत माणसाची सही मागणारी क्वेरी ही याच अवस्थेतून आलेली होती. दिवसभर मृत्यूच्या फायली बघणाऱ्या माणसाचं मन पान दोनवरची ओळ वाचायचं थांबवतं, कारण वाचली तर पुढची फाईल होत नाही. नऊ वर्षांत तिच्याकडून अशी चूक झाली नव्हती. एखाद्या नवख्याच्या हातून झाली असती तर त्याला समज देऊन विषय मिटला असता आणि कारण तसंच राहिलं असतं.

एचआरची सूचना होती की सगळ्या टीमला एकत्र बसवून प्रत्येकाने आपला सर्वांत वाईट कॉल सांगावा, म्हणजे मन मोकळं होईल. टीम लीडने ठाम नकार दिला आणि माझ्या मते या प्रकरणातला तिचा हा सर्वांत चांगला निर्णय होता. धक्कादायक अनुभवानंतर लोकांना एका बैठकीत तो पुन्हा सांगायला लावण्याने पुढचा त्रास टळतो असं दिसलेलं नाही आणि जागतिक आरोग्य संघटनाही तशा पद्धतीची शिफारस करत नाही. संघटनेची शिफारस आहे ती मानसिक प्रथमोपचाराची: विचारपूस करावी, गरज काय ते बघावं, ऐकून घ्यावं, बोलायला भाग पाडू नये, लागेल तिथे तज्ज्ञाकडे जोडून द्यावं. लीडने त्या प्रोसेसरला फोन करून दोनच गोष्टी विचारल्या. कामावर यायची घाई नाही, तर आता काय सोयीचं पडेल? आणि कंपनीच्या समुपदेशकाचा नंबर हवा आहे का? प्रोसेसरने नंबर घेतला.

लीडच्या हातात काय होतं

माणसं वाढवणं तिच्या हातात नव्हतं. नवीन प्रोसेसर तयार व्हायला महिने लागतात. टार्गेट उतरवा असं म्हटलं असतं तर उत्तर तयार होतं: बाकीच्या टीम करतात ना? म्हणून तिने मॅनेजरशी ताणाविषयी बोलायला सुरुवातच केली नाही. तिने गेल्या महिन्यातल्या 'निकाली' फायलींचा एक गठ्ठा काढला आणि प्रत्येकीपुढे लिहिलं की ती किती वेळा उघडली, किती वेळा तिच्यावर फोन आला आणि आज ती कुठे आहे. तो तक्ता मॅनेजरपुढे ठेवला.

काहींना हे थंडपणाचं वाटेल. आजारी पडलेल्या सहकाऱ्याची गोष्ट सोडून फायलींचा हिशोब कशाला? पण सहानुभूती मॅनेजरना होतीच, त्यांनी फुलंही पाठवली होती. वर पाठवायला त्यांना कारण हवं होतं, आणि ते तक्त्यात मिळालं.

पहिला बदल मोजण्यात झाला. अंतिम निर्णय झाला तरच फाईल निकाली धरायची, क्वेरी मोजायची नाही. जे कागद हवेत ते सगळे एकाच क्वेरीत मागायचे. मृत्यूच्या फाईलवर तयार मसुदा पाठवायचा नाही, पत्र हाताने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचल्याशिवाय सोडायचं नाही.

दुसरा बदल डॉक्टरांचा. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, ठरलेल्या वेळी मेडिकल ऑफिसर खुल्या कॉलवर बसू लागले. ज्याची फाईल अडली त्याने यावं, दाखवावं, जावं. कॅमेरा नको, अजेंडा नको. बाकीचे ऐकत बसले तरी चालेल. पंधरवड्यात असं दिसलं की न विचारणारेही ऐकायला येऊन बसतात. शेजारच्या टेबलावरचं शिक्षण असं परत आलं. ईमेल कमी झाल्याने डॉक्टरांचाही वेळ वाचला, हे कुणी आधी गृहीत धरलं नव्हतं.

तिसरा, फोन आणि फायली वेगळ्या केल्या. अर्धा दिवस फोन, अर्धा दिवस फक्त फायली, आळीपाळीने. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो, हे सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं. बिलाची बेरीज चालू असताना रडणाऱ्या माणसाचा फोन घ्यायचा आणि परत बेरजेकडे यायचं, याने दोन्हीचं वाटोळं होतं. मृत्यूच्या फायलीही वाटून दिल्या. 'ज्याला झेपतं त्याला द्या' असा एक प्रस्ताव होता, तो फेटाळला गेला. ज्याला झेपतं असं सगळे म्हणत होते तीच प्रोसेसर रजेवर होती. अवघड फोननंतर न विचारता वीस मिनिटं उठून जायची मुभा दिली आणि त्या वेळात दिवा पिवळा झाला तरी मेसेज करायचा नाही असं मॅनेजरनी स्वतः लिहून कळवलं.

स्टेटस कॉल तीनावरून एक झाला, तोही फक्त आवाजाचा. व्हिडिओ कॉलने येणाऱ्या थकव्याची कारणं स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडली आहेत: सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर, एका जागी जखडून बसणं आणि हावभाव वाचायला लागणारी जादा मेहनत. स्टेटस सांगायला यातलं काहीच लागत नाही.

संध्याकाळी सातनंतरच्या मेसेजवर बंदी घालायचा प्रयत्नही झाला. तो अर्धामुर्धाच साधला. महामारीच्या पहिल्या महिन्यांत अनेक देशांतल्या २१ हजारांहून जास्त कंपन्यांच्या मीटिंग आणि ईमेलच्या नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासात कामाचा दिवस सरासरी ४८ मिनिटांनी लांबलेला आढळला होता. तो लांबवणारे फक्त मॅनेजर नसतात. मुलं झोपल्यावर शांतपणे फायली करणारी दोन-तीन माणसं टीममध्ये होती आणि त्यांना ती वेळच सोयीची होती. त्यांच्यावर सातची सीमा लादणं म्हणजे उरलासुरला ताबाही काढून घेणं. शेवटी तडजोड झाली: काम कधीही करा, पण पाठवलेला मेसेज दुसऱ्याला सकाळीच पोचेल अशी सोय लावा.

आकड्यांचं पुढे काय झालं

पहिले काही आठवडे आकडे कोसळले. ते होणारच होतं, कारण खोटी भर निघून गेली होती. मॅनेजरना वर जाऊन ते समजावून सांगावं लागलं. त्यांनी ते केलं आणि स्वतःच्या वार्षिक मूल्यांकनाचा धोका पत्करून केलं, याची नोंद घ्यायला हवी. लीडच्या तक्त्याइतकंच हे पाऊल निर्णायक होतं. ते त्या आठवड्यांत डगमगले असते तर जुनी मोजणी परत आली असती.

नंतर परत येणाऱ्या फायली घटल्या, त्यामागोमाग फोन घटले आणि त्यानंतर पेंडिंग उतरायला लागलं. क्रम महत्त्वाचा आहे. फोन कमी होईपर्यंत कुणालाच हलकं वाटलं नव्हतं आणि त्या काळात टीममध्ये 'याने काही होणार नाही' हाच सूर होता.

रजेवर गेलेली प्रोसेसर परतली. तिने फोन नको म्हटलं आणि गुणवत्ता तपासणीचं काम मागितलं. मृत्यूच्या फायलींवरची पत्रं आता ती वाचत होती. काही महिन्यांनी तिने नोकरी सोडली. निरोपाच्या मुलाखतीत तिने कंपनीविषयी काही वाईट सांगितलं नाही, एवढंच म्हणाली की आता विम्याचं काम नको. सुधारणा उशिरा झाली तर ती सगळ्यांपर्यंत पोचत नाही.

न सुटलेलं

लीडच्या स्वतःच्या ताणाचं काय, हा प्रश्न तसाच आहे. सगळ्यांची विचारपूस तिच्याकडे, मृत्यूच्या पत्रांचं दुसरं वाचन सुरुवातीला तिच्याकडे, मॅनेजरना तयार करणंही तिच्याकडे. तिची विचारपूस करणं कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. ती त्या वर्षात बहुतेक आठवडे या रेषेच्या पलीकडे होती.

आणि दुसरा प्रश्न. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पेंडिंग आटोक्यात आल्यावर वरून मेल आला: टीम आता सुस्थितीत आहे, तर नव्या मोजणीनुसार टार्गेट थोडं वाढवता येईल का? वर्गात चर्चेला ठेवावा तो हा मेल. माझं मत विचाराल तर लीडने हो किंवा नाही म्हणण्याआधी तीन गोष्टी लिहून मागाव्यात: वाढलेल्या फायलींबरोबर डॉक्टरांची वेळही वाढणार का, परत आलेल्या फायलींचा आकडा टार्गेटच्या शेजारीच, त्याच पानावर दिसणार का, आणि लीडच्या जोडीला दुसरा माणूस कधी मिळणार. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कंपनी मान्य करेल असं वाटतं.